माझ्या पडद्यावर रेघ नाही

सोमवार, २

आजपासून लिहायला घेतलं, कारण ही म्हणाली, "अहो, जेवताना ऑफिस काढायचं नाही. मला घास गिळवत नाही. काय आग ओकायची ती कागदावर ओका." ठीक आहे. ओकतो.

मी रुग्णालयांसाठी प्रोग्राम लिहितो. मुलांच्या वॉर्डात कुठल्या खाटेवरच्या मुलाला कुठलं औषध किती द्यायचं, हे मुलाच्या वजनावरून काढून देणारा प्रोग्राम माझा आहे. माझा म्हणजे पहिल्या ओळीपासून माझा. इतकी वर्षं तो बिनबोभाट चालला आहे. आता कंपनीच्या मनात आलं की सगळं नव्या भाषेत लिहायचं. या भाषेत म्हणे माहिती ठेवायच्या प्रत्येक डब्यावर आधी चिठ्ठी लावायची: यात आकडा आहे, यात नाव आहे, यात कदाचित काहीच नसेल. चिठ्ठी आणि आतला माल जुळला नाही की एडिटरमध्ये, म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहितो तिथे, त्या शब्दाखाली नागमोडी लाल रेघ उमटणार. त्यासाठी एडिटरला एक प्लगइन, म्हणजे वरचा छोटा प्रोग्राम, जोडायचं. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला सांगावं की मीठ-साखरेच्या डब्यांवर नावं लिहा, नाहीतर गोंधळाल, तसा हा प्रकार.

फर्मान आमच्या नव्या प्रमुखबाईंचं. मी नोकरीला लागलो तेव्हा ही पाटी-पेन्सिल घेऊन फिरत असेल. भर मीटिंगमध्ये गोड आवाजात म्हणाली, "नवी आवृत्ती रुग्णालयात जाण्याआधी ज्यांचा भाग स्वच्छ होणार नाही, त्यांचा भाग दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल." बोलताना कुणाकडेच बघत नव्हती. म्हणजे मलाच म्हणत होती. माझा प्रोग्राम दुसऱ्याच्या हातात! बघतोच कोण घेतो ते.

मंगळवार, ३

सकाळपासून प्लगइन जोडतोय. आधी प्लगइन, मग त्याला लागणारं भाषेचं वेगळं साधन, मग त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही म्हणून साधनाची जुनी आवृत्ती, मग ते साधन मशीनमध्ये कुठे ठेवलंय हे प्लगइनला सांगायचं, कारण त्याला समोरचं दिसत नाही. मग एडिटर बंद करून पुन्हा चालू. एवढी उस्तवार मी स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

शेवटी खालच्या पट्टीत बारीक अक्षरांत आलं की प्लगइन सुरू आहे. ती पट्टी मी लगेच मिटून टाकली. निम्मा पडदा खाते. मला माझा काळा पडदा आणि पांढरी अक्षरं मोकळी लागतात. ही नवी मंडळी कागदासारख्या पांढऱ्या पडद्यावर लिहितात, डोळे कसे दिपत नाहीत देव जाणे. शिवाय मी माउसला हात लावत नाही. कीबोर्डवरून हात उचलावा लागला तर आपल्याला काम येत नाही असं समजावं, असं आम्ही शिकलो.

प्लगइन लावून माझा पूर्ण प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. एकही रेघ नाही. एकही! मनात म्हटलं, घ्या, बाईसाहेब.

संध्याकाळी कंपनीच्या सर्व्हरकडून मेल. तिथेही तीच तपासणी चालते. माझ्या भागात चुकाच चुका, ओळींच्या नंबरांसकट, मेल संपता संपेना. मी एकेका ओळीवर जाऊन बघितलं. स्वच्छ. कुठेही काही नाही. सर्व्हर म्हणतो चूक, एडिटर म्हणतो बरोबर. दोघांपैकी एक जण धादांत खोटं बोलतोय.

गुरुवार, ५

वायरवाल्याला बोलावलं. ऑफिसातली मशीनं, वायरी, प्लगइनं सगळं तोच बघतो. त्याने माझ्या खुर्चीत बसून दोन मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाला, "सर, चालतंय ना. रेघा येतायत की."

"कुठे?"

"हे काय. माउस नेऊन बघा त्याच्यावर, काय चुकलंय ते पण लिहून येईल."

जिथे काही नाही तिथे माउस नेऊन काय बघू? हा इसम चहाच्या घाईत होता, त्याला सुटायचं होतं. मी त्याला सोडलं नाही. सगळं उपटून पुन्हा लावायला लावलं. तो कपाळावर आठ्या घालून करत बसला. उठताना पुन्हा तेच, "येतायत सर रेघा." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी प्रमुखबाईंच्या टेबलाशी गेलो आणि माझीच फाइल त्यांच्या मशीनवर उघडायला सांगितली. तिथे रेघा होत्या! त्यांच्या पांढऱ्या पडद्यावर काळपट, नागमोडी, ठिकठिकाणी. म्हणजे सिद्ध झालं. फाइल तीच, प्लगइन तेच, तिच्या मशीनवर रेघ येते आणि माझ्या मशीनवर येत नाही. मी सर्वांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चांगली मशीनं कुणाला मिळतात ते कळलं."

ती म्हणाली, "सर, मी येऊन बघू का तुमच्याकडे?"

म्हटलं, काही गरज नाही.

शुक्रवार, ६

नवं मशीन मागितलं. मिळालं. त्यावरही रेघ नाही. प्लगइनच सदोष आहे.

हिने पिकलेले टोमॅटो आणायला सांगितले होते. मी एकेक निवडून घेतला. घरी आल्यावर ही म्हणते निम्मे हिरवे आहेत. भाजीवाला पिशवीत भरताना बदलतो, दुसरं काय. उद्या त्यालाही जाब विचारणार आहे. सध्या चहूकडून डोळ्यांत धूळ फेकणं चाललंय.

सोमवार, ९

ऑफिसला निघालो तर ही दारात आडवी. "गुलाबी स्वेटर घालून निघालात?"

"राखाडी आहे."

"बरं," म्हणाली आणि बाजूला झाली. बायकांना एका रंगाची दहा नावं ठेवायची हौस असते. मी वाद घातला नाही.

ऑफिसात दोघे-तिघे गालातल्या गालात हसत होते. मला ठाऊक आहे कशावरून. म्हाताऱ्याला साधं प्लगइन लावता येत नाही म्हणून.

बुधवार, ११

आज हद्द झाली. तारीख, वार, सगळं लक्षात राहावं म्हणून नीट लिहितो.

दुपारी प्रमुखबाई स्वतःची खुर्ची ओढत माझ्या शेजारी येऊन बसली. विचारलंही नाही. म्हणाली, "सर, बाकीचं राहू दे. एवढी एकच ओळ बघू या." आणि माझ्या पडद्यावर बोट ठेवलं, 'वजन' या शब्दाखाली. पडद्यावर बोटाचा ठसा उमटला.

"नव्या आवृत्तीत रुग्णालयाने मागितलंय ना, तातडीच्या वेळी मुलाला आधी खाट द्यायची आणि वजन नंतर भरायचं. म्हणजे वजन आता रिकामं येऊ शकतं. तुमच्या जुन्या आवृत्तीत वजन भरल्याशिवाय पुढेच जाता यायचं नाही, म्हणून कधी अडलं नाही."

"नर्स वजन कसं विसरेल?"

"विसरणार नाही, सर. उशिरा भरेल. तेवढ्या वेळात कुणी औषध बघितलं तर? म्हणून तर ही रेघ आलीय."

"कुठली रेघ?"

"ही. लाल."

"इथे काहीही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "सर, राग मानू नका. डोळे कधी तपासले होते तुम्ही?"

राग मानू नका! मी आजही चष्मा न लावता सुईत दोरा ओवतो. लांबच्या पाट्या वाचून हिला सांगतो. आणि ही पोर मला आंधळा म्हणते, तेही चार टेबलांना ऐकू जाईल अशा ठिकाणी. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "नसलेली रेघ दाखवून मला वेड्यात काढायचंय? माझा भाग काढून घ्यायचा तर सरळ काढा." ती खुर्ची घेऊन परत गेली. मी रुमालाने पडदा पुसला.

गुरुवार, १२

मोठ्या साहेबांकडे तक्रार केली. लेखी नाही, तोंडी, पण काही शिल्लक ठेवलं नाही. नव्या प्रमुख एका ज्येष्ठ माणसाला चारचौघांत अपमानित करतात, नसलेल्या चुका दाखवतात, त्याच्या वयाचा उद्धार करतात. साहेब मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. पडदा स्वच्छ आहे ना तुमचा?"

"लख्ख."

"मग झालं."

पडदा बघायलाही आले नाहीत, इतका विश्वास. अशा माणसासाठी काम करावंसं वाटतं.

शुक्रवार, १३

न्याय झाला! प्रमुखबाईची सोमवारपासून मदत कक्षात बदली. तिथे दिवसभर फोन घ्यायचे आणि रुग्णालयांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या. माझ्या भागाला सर्व्हरच्या तपासणीतून सूट. नवी आवृत्ती मंगळवारी सकाळी जाणार, माझ्या प्रोग्रामसकट.

संध्याकाळी ती खोक्यात सामान भरत होती. मी मुद्दाम तिकडून गेलो नाही, प्यायचं पाणी तिकडेच असतं म्हणून जावं लागलं. ती म्हणाली, "सर, वजनाची ओळ तेवढी बघा."

जाता जाताही टोमणा. मी पाणी पिऊन परत आलो. पेढेच वाटायचे बाकी होते, पण का कोण जाणे, घरी येईपर्यंत तो उत्साह उरला नाही. भूकही नव्हती.

शनिवार, १४

प्लगइन लिहिणाऱ्यांना पत्र लिहून चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं. असं पत्र लिहायचं तर दोष दुसऱ्या मशीनवरही दाखवावा लागतो. म्हणून सकाळी घरच्या मशीनवर सगळं नव्याने लावलं. पडदा काळा, प्लगइन ताजं. तीन ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि मुद्दाम चूक केली, आकड्याच्या डब्यात नाव कोंबलं. यावर तरी रेघ यायलाच हवी. आली नाही! आता पकडलं. फक्त साक्षीदार हवा होता. हिला हाक मारली.

ही मिरच्या निवडता निवडता उठून आली. मी म्हटलं, "या अक्षरांखाली बघ. काही आहे?"

"आहे की. लाल रेघ. वेडीवाकडी."

"नीट बघ."

"अहो, एवढी ठसठशीत आहे! ही एक. आणि खालच्या ओळीत दुसरी."

माझा आवाज चढला. "तुला ऑफिसातून कुणाचा फोन आला होता का?"

"मला? कशाला?"

"खरं सांग. त्या प्रमुखबाईने फोन केला होता?"

हिने माझ्याकडे बघितलं. मग पडद्यावर नख टेकवून रेघेवरून हळूहळू फिरवलं, डावीकडून उजवीकडे, लहान मुलाला अक्षर गिरवून दाखवतात तसं. मी पडद्याला नाक लावलं. तिच्या नखाखाली काळा पडदा होता. नुसता काळा.

ती आत गेली आणि हातात दोन मिरच्या घेऊन आली. "यातली लाल कुठली?"

"हा काय पोरखेळ आहे?"

"सांगा ना."

मी सांगितलं. थोडं घुटमळलो, पण सांगितलं. ती खुर्चीवर बसली. हातातल्या मिरच्यांकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटायचं, मी काय घातलंय याच्याकडे तुमचं लक्षच नसतं."

मी उठलो आणि एडिटरचा पडदा पांढरा केला. रेघ आली. काळपट, नागमोडी. त्या दिवशी प्रमुखबाईंच्या मशीनवर होती तशीच. पुन्हा काळा केला. गेली.

शनिवार, संध्याकाळ

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी ठिपक्यांची पानं दाखवली. ठिपक्यांमध्ये आकडे लपलेले असतात म्हणे. हिला सगळे दिसत होते. मला पहिलं पान सोडून एकही नाही. लाल रंग माझ्या डोळ्यांना पोचतच नाही, तो काळ्यात विरून जातो. जन्मापासून असंच आहे.

जन्मापासून! मग जन्मापासून कुणी बोललं का नाही? आईने विचारलं नाही, शाळेने विचारलं नाही, नोकरी देताना वजन-उंची मोजली, छाती फुगवायला लावली, लाल कुठला हे कुणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, "बऱ्याच जणांना कळतच नाही. अडत नाही त्यांचं." हे ते हसून म्हणाले. मला त्यांचा फार राग आला. मग आठवलं की एकीने विचारलं होतं, तेही आवाज खाली आणून.

सोमवार, १६

सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. प्लगइनमध्ये रेघेचा रंग बदलायची सोय आहे. पहिल्या दिवसापासून होती. मी ती पिवळी केली, जाड केली, आणि माझा प्रोग्राम उघडला.

सगळं इथे लिहायला धीर होत नाही. माझ्या लख्ख पडद्यावर पाऊल ठेवायला जागा नव्हती.

सरळ वजनाच्या ओळीवर गेलो. माउस हातात घेतला, रेघेवर नेला. चौकट उघडली: हे रिकामं असू शकतं. आता मी माझा प्रोग्राम परक्याने वाचावा तसा वाचला. खाटांमागून खाटा घेत जायचं, प्रत्येक मुलाचं वजन एकाच डब्यात ठेवायचं, त्यावरून औषध काढायचं. पुढच्या मुलाचं वजन आलं की आधीचं पुसलं जातं. आणि आलंच नाही तर? तर डब्यात आधीच्या खाटेवरच्या मुलाचं वजन तसंच राहतं. शेजारी बारा वर्षांचा मुलगा असेल, आणि या खाटेवर आत्ताच आणलेलं तान्हं बाळ, तर बाळासमोर बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचं औषध लिहून येणार. इतका वेळ मी ती एक ओळ वाचत बसलो की चहा येऊन निवून गेला.

साहेब आल्या आल्या त्यांच्या खोलीत शिरलो. सगळं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं. ते आधी हसले. मग घड्याळ बघितलं.

"आवृत्ती उद्या सकाळी जातेय. रुग्णालयाला शब्द दिलाय. तुम्ही सावकाश दुरुस्त करा, पुढच्या खेपेला घालू."

"आणि तोवर?"

"तोवर काय? तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात ना, नर्स वजन कसं विसरेल?"

माझंच वाक्य. कुणीतरी त्यांना जाऊन सांगितलं होतं. मी म्हणालो, "ते चुकीचं होतं. आणि तुम्ही माझा पडदा न बघता माझ्यावर विश्वास ठेवलात, तेही चुकीचं होतं. त्या मुलीची बदली मागे घ्या."

"अहो, मिटलंय ते. उगाच उकरू नका. तुमच्याच सांगण्यावरून केलं सगळं, आता तुम्हीच उलटता?"

मला संताप आला. पण हा मागच्या पंधरवड्यातला संताप नव्हता. हा माणूस मला मान देत होता असं मला वाटलं होतं. त्याला फक्त कटकट नको होती. मी जास्त मोठ्याने ओरडलो म्हणून मी खरा ठरलो आणि ती हळू बोलली म्हणून खोटी. गुरुवारी तिने माझ्याइतका आरडाओरडा केला असता तर आज मी मदत कक्षात असतो आणि ती ओळ दुरुस्त झाली असती. हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "दार लावून घ्या जाताना."

दार उघडं टाकून आलो.

कंपनीत एक नियम आहे, तो साहेबांनाही मोडता येत नाही. मदत कक्षात 'रुग्णाला धोका' अशी तक्रार नोंदली गेली की आवृत्ती तिथल्या तिथे थांबते, आणि चूक दुरुस्त होईपर्यंत कुणालाही ती पुढे ढकलता येत नाही. नोंद मात्र कायमची राहते. चूक कुणाची, कशी, सगळं त्यात येतं. मी टेबलावरचा फोन उचलला.

"नमस्कार, मदत कक्ष. आपली काय अडचण आहे?"

आवाज तिचाच होता. तिथे फोन घेणारे पुष्कळ आहेत, दुसरं कुणी उचलेल अशी मला आशा होती.

"मुलांच्या वॉर्डाचा प्रोग्राम," मी म्हणालो. "वजन रिकामं असलं की आधीच्या खाटेवरच्या मुलाचं वजन धरतो. रुग्णाला धोका."

तिने आवाज ओळखला. पलीकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली. तिथे प्रश्न ठरलेले असतात, समोर कुणीही असलं तरी ते विचारावेच लागतात.

"चूक कुणाच्या भागात आहे?"

"माझ्या."

"ही चूक याआधी कुणी निदर्शनास आणून दिली होती का?"

"हो. तुम्ही."

टकटक थांबली. पुन्हा सुरू झाली.

"मग तेव्हाच दुरुस्त का झाली नाही?"

उत्तर माझ्या खिशात होतं. डॉक्टरांचा कागद, सहीशिक्क्यासकट. जन्मापासून आहे, माझा काही दोष नाही. तेवढं वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं.

"रेघ मला दिसत नव्हती," मी म्हणालो. "पण तुम्ही काय बोलत होतात ते नीट ऐकू येत होतं. असंच लिहा."

तिने तसंच लिहून घेतलं.